लाकूड, लोखंड आणि वाख : अमेरिकी पायोनियरांच्या कारागिरीचे जिवंत उत्सव

अमेरिकेत सुगी आटोपत आली आणि मेपलची पाने तांबडी होऊ लागली, की पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना, केंटकी, टेनेसी या राज्यांतल्या लहान गावांमध्ये जिवंत इतिहासाचे उत्सव भरू लागतात. मोकळ्या मैदानात ओंडक्यांची घरे, तंबू, चुली आणि भट्ट्या दिसतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या धर्तीचे कपडे घातलेली माणसे तिथे कुऱ्हाडीने ओंडका चौकोनी तासतात, जवसाच्या काडीतून धागा काढतात, राखेच्या पाण्यात चरबी शिजवून साबण करतात, ऐरणीवर खिळे घडवतात. आलेल्यांना भाता ओढून पाहता येतो, चरख्यावर हात चालवता येतो, आणि काम करणाऱ्याला थांबवून हवे ते विचारता येते. काचेच्या कपाटात ठेवलेल्या चरख्याचे लाकूड, वर्ष आणि मूळ गाव फलकावर लिहिता येते. एका सदऱ्याचे सूत निघायला किती कष्ट पडतात आणि जवसाचा धागा कातताना बोटे ओली का ठेवावी लागतात, हे मात्र काम चालू असतानाच समजते. या उत्सवांचे खरे मोल इथे आहे.

पायोनियर म्हणजे अ‍ॅपलाचियन डोंगररांगा ओलांडून पश्चिमेकडे वसायला गेलेले शेतकरी आणि कारागीर. १७७५ मध्ये डॅनियल बून आणि त्यांच्या साथीदारांनी कंबरलँड खिंडीतून केंटकीत जाणारी वाट तोडली. १७८७ च्या कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेकडील मुलुखाची व्यवस्था ठरवून दिली आणि पुढच्याच वर्षी नदीकाठी मॅरिएटा हे गाव वसले. तेव्हापासून कालवे आणि लोहमार्ग येऊन पोहोचेपर्यंतचा काळ या उत्सवांत सर्वाधिक मांडला जातो. डोंगरापलीकडून माल आणणे महाग होते आणि हातात रोकड क्वचितच असे. म्हणून घर, कापड, साबण, झाडू, टोपली, अवजारांचे दांडे हे सारे जागच्या जागी तयार होई. अर्थमंत्री अल्बर्ट गॅलटिन यांनी १८१० मध्ये सादर केलेल्या अहवालात, शहरांबाहेर राहणाऱ्या अमेरिकनांच्या वापरातले सुमारे दोन-तृतीयांश कापड घरोघरी तयार होते, असे नोंदवले आहे.

तरीही ही कुटुंबे सर्वस्वी स्वयंपूर्ण होती असे मानणे चूक ठरेल. मीठ, लोखंड, बंदुकीची दारू आणि नीळ विकतच घ्यावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी व्यापारी जहाजे कलकत्त्याहूनही नीळ नेत असत. पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या घरी विणलेल्या निळ्या-पांढऱ्या पलंगपोसाचा रंग बंगालच्या शेतातून आलेला असू शकतो. चांगले उत्सव ही देवाणघेवाण लपवत नाहीत. चरख्याशेजारी ते दुकानदाराची खातेवहीही ठेवतात.

जुने काम लोकांसमोर करून दाखवण्याची ही पद्धत आली युरोपातून. आर्तुर हाझेलियस यांनी ११ ऑक्टोबर १८९१ रोजी स्टॉकहोममध्ये स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू केले. स्वीडनमध्ये कारखाने वाढत होते आणि खेड्यांची जुनी राहणी मागे पडत होती. हाझेलियस यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतून घरे उतरवून आणली, ती पुन्हा उभी केली, आणि त्यांत प्रांतोप्रांतीचे पोशाख घातलेली माणसे, जनावरे, गाणी आणि सणवार आणले. अमेरिकेत हाच विचार मोठ्या भांडवलाच्या बळावर वाढला. १९२६ पासून जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या पैशातून व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गचा जीर्णोद्धार सुरू झाला. हेन्री फोर्ड यांनी १९२९ मध्ये मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे ग्रीनफील्ड व्हिलेजचे उद्घाटन केले. मोटारींच्या उत्पादनाने जुने ग्रामजीवन मोडीत काढण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांनीच ते जतन करायला घेतले. मॅसॅच्युसेट्समधले ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज १९४६ मध्ये उघडले.

या मोठ्या संस्थांपेक्षा जुनी आणि अधिक साधी अशी दुसरी परंपराही आहे, ती गावकऱ्यांच्या उत्सवांची. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या स्टाल्सटाउन गावात १९०७ पासून जवस झोडण्याचा उत्सव भरतो. घरचे कापड विणणे तोवर बहुतेक ठिकाणी बंद पडले होते, पण ते काम केलेली म्हातारी माणसे अजून हयात होती, आणि त्यांच्या आठवणीतली हालचाल पुढच्यांना मिळाली. १९५० मध्ये आल्फ्रेड शूमेकर, डॉन योडर आणि जे. विल्यम फ्राय या तीन अभ्यासकांनी त्याच राज्यात कुट्झटाउन लोकोत्सव सुरू केला. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांची बोली, स्वयंपाक, गोधड्या आणि कारागिरी हा त्याचा विषय. पुढे १९६५ मध्ये अर्थतज्ज्ञ मॅरियन क्लॉसन यांनी देशभर निरनिराळ्या काळांची चालती शेते उभारावीत अशी सूचना मांडली. तिचा परिणाम झाला. १९७० मध्ये अशा शेतांची आणि संग्रहालयांची संघटना स्थापन झाली, आणि आयोवात १७०० च्या सुमाराचे आयोवे आदिवासींचे शेत, १८५० चे पायोनियर शेत आणि १९०० चे घोड्यांवर चालणारे शेत एकाच परिसरात पाहता येऊ लागले. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात बारा बलुतेदारांचे जग पुतळ्यांच्या रूपाने मांडले आहे. तिथला लोहार घण उचललेल्या नेमक्या मुद्रेत दिसतो. अमेरिकी उत्सवात तो घण खाली येतो, लोखंड वाकते, आणि कधी कधी ते बिघडतेही.

नव्या जागी आलेल्या कुटुंबाची पहिली गरज छप्पर ही होती. ओंडके एकावर एक रचून घर बांधणे इंग्लंडमधून आलेल्यांना ठाऊक नव्हते. हे तंत्र १६३८ पासून डेलावेअर नदीच्या खोऱ्यात वसलेल्या स्वीडिश व फिनिश लोकांनी आणि मागून आलेल्या जर्मनांनी आणले. स्कॉच-आयरिश शेतकऱ्यांनी ते उचलले आणि डोंगरापलीकडे नेले. उत्सवात ओंडका तासताना आधी कोळशाने माखलेले सूत मारून त्यावर सरळ रेघ उमटवतात. मग कुऱ्हाडीने ठरावीक अंतरावर रेघेपर्यंत खाचा पाडतात आणि शेवटी रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने खाचांमधले लाकूड उडवतात. या कुऱ्हाडीला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू सपाट असते. तिचा दांडा किंचित बाहेर वाकवलेला असतो, म्हणजे तासताना बोटांची पेरे लाकडावर सोलवटत नाहीत. ही वाकण चित्रात सहज नजरेतून सुटते. हातात दांडा धरला की तिचे कारण आपोआप कळते.

घराचे कोपरे खिळ्यांवाचून उभे राहतात. ओंडक्यांच्या टोकांना अशा उतरत्या खाचा पाडतात की वरच्या ओंडक्याचा भार सांधा घट्ट करतो आणि पावसाचे पाणी सांध्यात न साचता बाहेर ओघळते. मधल्या फटी दगड, लाकडाच्या कपच्या आणि चिखल यांनी बुजवतात. छपराच्या फळ्या करवतीने कापत नसत. ओकच्या ठोकळ्यावर आडवे लांब पाते ठेवून त्यावर लाकडी मोगरी हाणायची, आणि पात्याला काटकोनात बसवलेला दांडा हलवत फळी चिरत न्यायची. अशी फळी लाकडाच्या रेषेवर फुटते, तिच्यातले तंतू अखंड राहतात, म्हणून पाणी तिच्यात कमी मुरते.

खिळे इतके जपून का वापरायचे, याचे उत्तर लोखंडाच्या किमतीत आहे. नव्या जागी जाताना लोक जुने घर जाळून राखेतून खिळे वेचून नेत. ते थांबवण्यासाठी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाला १६४५ मध्ये कायदा करावा लागला आणि घर न जाळणाऱ्याला तितके खिळे देण्याची तरतूद त्यात केली गेली. उत्सवातला लोहार प्रेक्षकांसाठी बहुधा खिळाच घडवतो, कारण तो लवकर होतो आणि त्यात लोहारकामाच्या मुख्य क्रिया येतात: सळई तापवणे, टोक ओढून काढणे, छन्नीवर अर्धवट तोडणे, साच्याच्या भोकात बसवून माथा ठोकणे. भट्टी शक्यतो अंधाऱ्या जागी ठेवतात. लोखंडाचा ताप रंगावरून ओळखायचा असतो आणि उन्हात तो रंग नीट दिसत नाही. गडद लाल, नारिंगी, पिवळा, आणि ठिणग्या उडू लागल्या की दोन तुकडे एकमेकांत ठोकून जोडण्याइतका पांढरा. पोलादी धारेला पाणी दिल्यावर ती काचेसारखी ठिसूळ होते. मग तिला हळूहळू पुन्हा ऊब देतात, आणि पृष्ठभागावर फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग सरकत जातात. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबायचे, स्प्रिंगला निळ्यावर. कोणत्या क्षणी थांबायचे हे पुस्तकात छापलेले आहे, पण तो क्षण ओळखायला डोळा घडावा लागतो. विल्यम्सबर्गचे बंदूक कारागीर वॉलेस गुस्लर यांनी लोखंडाच्या चपट्या पट्टीपासून नळी वळवून, ठोकून, भोक साफ करून पूर्ण रायफल हाताने घडवली. या कामावरचा माहितीपट १९६९ मध्ये निघाला आणि पुढे हे काम शिकू पाहणाऱ्यांना त्याचा मोठा आधार झाला.

सर्वांत लांबलचक आणि सर्वांत बोलके प्रात्यक्षिक जवसाचे. महाराष्ट्रात जवस चटणीसाठी आणि तेलासाठी लावतात. धाग्याचा वाण उंच आणि कमी फांद्यांचा असतो, आणि तो दाट पेरतात म्हणजे काडी सरळ वाढते. पेरणीनंतर साधारण शंभर दिवसांनी, काडी बुडाकडून पिवळी पडू लागली की पीक मुळासकट उपटतात, कारण धागा मुळापर्यंत पोहोचलेला असतो आणि कापणीत त्याची लांबी वाया जाते. बोंडे ओरबाडून बी वेगळे केले की काड्या गवतावर दवात पसरतात किंवा डबक्यात बुडवून ठेवतात. अंबाडीचा वाख काढणाऱ्यांना ही पायरी चांगली ओळखीची आहे. बुरशी आणि जिवाणू काडीतला चिकट पदार्थ खातात आणि साल गाभ्यापासून सुटते. लवकर काढली तर धागा सुटत नाही, उशीर झाला तर धागाच कुजतो. रोज एक काडी मोडून पाहणे हाच उपाय.

वाळलेल्या काड्या मग लाकडी सुऱ्यांच्या जबड्यात चेचतात. आतला गाभा तुटून पडतो. राहिलेला भुसा फळीवर धरलेल्या जुडीला लाकडी पट्टीने वरून खाली झोडून काढतात. स्टाल्सटाउनच्या उत्सवाला नाव मिळाले आहे ते या झोडण्यावरून. पुढे लोखंडी दातांच्या फण्यांतून, आधी विरळ दातांच्या आणि मग दाट दातांच्या, जुडी विंचरतात. आखूड गुंता वेगळा पडतो. त्याची पोती, दोर आणि जाडेभरडे कापड होते. हातात उरतात ते लांब, चमकदार, फिकट सोनेरी तंतू. गाडाभर काड्यांतून शेवटी मुठीत मावेल एवढाच वाख निघतो, हे पाहून प्रेक्षक दरवेळी चकित होतात. कातताना बोटे ओली ठेवावी लागतात, कारण ओलाव्याने तंतूंची टोके एकमेकांना चिकटून बसतात आणि सूत गुळगुळीत निघते. जवसासाठी पायाने फिरवायचा लहान चरखा, तर लोकरीसाठी उभ्याने चालवायचा मोठ्या चाकाचा. मोठ्या चरख्यावर कातणारी बाई सूत ओढत मागे सरते आणि गुंडाळत पुढे येते, असे दिवसभर. उभा धागा जवसाचा आणि आडवा लोकरीचा असे मिश्र कापड पायोनियर घरांत रोजच्या वापराचे होते. अक्रोडाच्या टरफलांनी ते तपकिरी आणि मंजिष्ठेच्या मुळांनी लाल रंगवत.

राखेचे महत्त्व आजच्या शहरी माणसाला लवकर पटत नाही. चुलीतली ओक, हिकरी यांसारख्या कठीण लाकडाची राख वर्षभर साठवून, तळाशी पेंढा घातलेल्या लाकडी पन्हाळीत भरत आणि वरून पावसाचे पाणी सोडत. खाली तपकिरी, झोंबणारे खारे पाणी ठिबके. त्यात अंडे टाकून पाहायचे. ते तरंगले आणि त्याचा थोडासाच भाग वर राहिला, तर पाण्याची तीव्रता साबणाला योग्य. हिवाळ्यात डुकरे मारल्यावर साठवलेली चरबी आणि हे पाणी मोठ्या कढईत उकळले की साबण होतो, पण तो घट्ट वडीचा नसतो. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात आणि त्यांचा साबण मऊ, लपका राहतो. तो पिंपात भरून ठेवत. वडी हवी असेल तर मीठ घालावे लागे आणि मीठ महाग होते. हीच राख आटवून केलेला पोटॅश काच, साबण आणि कापड धंद्यांत विकला जाई. झाडे तोडून शेत मोकळे करणाऱ्या कुटुंबाला मिळणारी ती अनेकदा पहिली रोख कमाई असे. अमेरिकेचे पहिले पेटंट ३१ जुलै १७९० रोजी सॅम्युएल हॉपकिन्स यांना मिळाले ते पोटॅश तयार करण्याच्या सुधारित पद्धतीसाठी, आणि त्यावर अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे.

राखेचे पाणी स्वयंपाकातही लागे. मक्याचे दाणे त्यात शिजवून साल काढायची पद्धत वसाहतवाल्यांनी आदिवासींकडून घेतली. या खारामुळे मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेकडच्या गरीब घरांत खार न लावलेल्या मक्यावरच गुजराण होऊ लागली आणि पेलाग्रा रोगाने हजारो माणसे दगावली. मेपलच्या झाडाचा रस आटवून साखर करणे हेही मूळचे आदिवासींचे ज्ञान; सुमारे चाळीस भाग रसातून एक भाग पाक मिळतो. चुलीवरच्या प्रात्यक्षिकात तीन पायांचे, झाकणावर निखारे ठेवायचे बिडाचे भांडे असते. वरून आणि खालून आच मिळाल्याने त्यात पाव भाजता येतो. सफरचंदाचा घट्ट मुरंबा तांब्याच्या मोठ्या कढईत दिवसभर लांब दांड्याच्या लाकडी उलथन्याने ढवळत करतात, आणि त्यासाठी आळीपाळीने शेजारीपाजारी लागतात.

महाराष्ट्रातून गेलेल्या पाहुण्याची पावले हमखास थबकतात ती सोरघमच्या चरकापाशी. खेचर गोल फिरते, लाकडी दांडी लोखंडी लाटांना फिरवते, धाटांतून हिरवट रस गळतो, शेजारच्या चुलवणावर लांबट पसरट कढईत तो उकळतो आणि माणसे सतत मळी काढत राहतात. आठ-दहा भाग रस आटून एक भाग काकवी मिळते. दृश्य थेट गुऱ्हाळाचे आहे, आणि धाटे आहेत गोड ज्वारीची. आफ्रिकेत जन्मलेली ज्वारी ज्या वनस्पतीची, तिचाच हा गोड रसाचा प्रकार. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने अशाच गोड ज्वारीचा 'मधुरा' हा वाण तयार करून तिच्या काकवीवर काम केले आहे. अमेरिकी झाडूही ज्वारीच्याच कुळातला. दाण्यापेक्षा लांब, ताठ फुलोऱ्यासाठी वाढवलेल्या प्रकाराचे तुरे काठीला दोऱ्याने करकचून बांधून तो करतात. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडलीचे शेतकरी लेव्ही डिकिन्सन यांनी १७९७ च्या सुमारास या झाडूंचा धंदा सुरू केला, आणि गोल जुडी दाबून चपटा झाडू शिवण्याची सुधारणा शेकर पंथीयांची मानली जाते.

इथेच या उत्सवांतली एक मोठी अडचण पुढे येते. गोड ज्वारी अमेरिकेत १८५० च्या दशकात आली, आणि यादवी युद्धात लुइझियानाची साखर तुटल्यावर उत्तरेत तिचा प्रसार वाढला. १८१० चा पोशाख घालून काकवी करणे म्हणजे दोन पिढ्यांची सरमिसळ. गोधडीचेही तसेच. चिंध्या जोडून गोधड्या शिवणारी गरीब पायोनियर बाई हे चित्र लोकांना फार प्रिय आहे. प्रत्यक्षात तुकड्यांची गोधडी घरोघरी पोहोचली ती गिरणीचे छापील सुती कापड स्वस्त झाल्यावर. ज्या घरात कापडाचा प्रत्येक हात स्वतः कातून विणलेला असे, तिथे तुकडे करायला कापड होतेच कुठे? मेणबत्त्यांच्या रांगाही फसव्या आहेत. गरीब घरांत चरबीचा दिवा किंवा राळेने भरलेले पाइनचे लाकूड जळत असे. जाणकार आयोजक म्हणूनच प्रत्येक तंबूला ठरावीक दशक नेमून देतात आणि शिवणीचा टाका, बटण, चष्म्याची चौकट हेसुद्धा तपासून घेतात. हा काटेकोरपणा कधी कधी हट्टाला पोहोचतो. तरी तो हवा, कारण पोशाख आणि धूर पाहिल्यावर माणूस समोरचे सगळेच खरे मानतो.

सांगण्याच्या दोन रीती आहेत. तृतीयपुरुषी रीतीत कारागीर आजचा माणूस म्हणून बोलतो: ते असे करत, आज आपल्याला इतके ठाऊक आहे. प्रथमपुरुषी रीतीत तो त्या काळातली व्यक्तीच होतो आणि नंतरच्या काळाचे त्याला काही माहीत नसते. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ येथे १६२७ ची वसाहत पुन्हा उभी करणाऱ्या संग्रहालयाने १९७० च्या दशकात ही दुसरी रीत गाजवली. ती नाट्यमय आहे, पण साबण मऊ का राहिला हे सांगायला रसायनशास्त्र लागते, आणि १८२० च्या गृहिणीला पोटॅशियम हा शब्द माहीत असण्याचा संभव कमी. कारागिरीच्या प्रात्यक्षिकाला तृतीयपुरुषी रीतच अधिक मानवते, आणि बहुतेक उत्सवांत तीच चालते.

अधिक गंभीर प्रश्न आहे तो वगळलेल्या माणसांचा. पायोनियरांनी वसवलेली जमीन मोकळी नव्हती. इंडियानातील कॉनर प्रेअरी हे नामांकित जिवंत संग्रहालय विल्यम कॉनर या व्यापाऱ्याच्या जागेवर उभे आहे. कॉनर यांची पत्नी मेकिंजेस लेनापे जमातीची होती. १८१८ मध्ये सेंट मेरीजच्या तहाने लेनापेंनी इंडियानातली जमीन सोडायचे कबूल केले. त्या तहात दुभाषे म्हणून काम केले कॉनर यांनीच. १८२० मध्ये मेकिंजेस आपल्या सहा मुलांना घेऊन जमातीबरोबर पश्चिमेला निघून गेली. कॉनर मागे राहिले, त्यांनी दुसरे लग्न केले आणि १८२३ मध्ये विटांचे घर बांधले. तेच घर पुढे जतन झाले. हा वृत्तान्त सांगितल्यावाचून त्या अंगणातल्या चरख्याची गोष्ट अपुरी राहते, आणि आता तो तिथे सांगितला जातो. गुलामांच्या कारागिरीबद्दलही असेच म्हणावे लागेल. थॉमस जेफरसन यांनी १७९४ मध्ये माँटिचेलोच्या मळ्यावर खिळ्यांचा कारखाना घातला, आणि तिथे खिळे घडवत होती ती दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुले. सहज गंमत म्हणून खिळा ठोकून पाहणाऱ्या मुलांना ही माहिती मिळते तेव्हा त्या खिळ्याचे वजन त्यांना वेगळे कळते.

ही कौशल्ये टिकली ती काही चिकाटीच्या माणसांमुळे. जॉन राइस अर्विन यांच्या घराण्याला पूर्व टेनेसीत आधी नॉरिस धरणामुळे आणि मग ओक रिजच्या अणुप्रकल्पामुळे, असे दोनदा विस्थापित व्हावे लागले. जुन्या घरांच्या लिलावांत पिढ्यान्‌पिढ्यांची अवजारे शोभेच्या वस्तू करायला विकली जाताना पाहून त्यांनी ती गोळा करायला सुरुवात केली. प्रत्येक वस्तूसोबत ती कोणी केली, कोणी वापरली हेही ते टिपून ठेवत. त्यातून १९६९ मध्ये नॉरिस येथे अ‍ॅपलाचिया संग्रहालय उभे राहिले आणि तिथला शरद ऋतूतला उत्सव देशभर प्रसिद्ध झाला. जॉर्जियातल्या रेबन गॅपमध्ये १९६६ मध्ये शाळकरी मुलांनी आजी-आजोबांना विचारून 'फॉक्सफायर' हे नियतकालिक सुरू केले. १९७२ मध्ये त्यातल्या लेखांचे पुस्तक निघाले तेव्हा ओंडक्यांचे घर कसे बांधावे, डुक्कर मारल्यावर त्याचे काय काय करावे, हे वाचायला लाखो लोक उत्सुक असल्याचे दिसून आले.

आज शिकणाऱ्यांची उणीव नाही. तरुण लोहार आणि विणकर या उत्सवांतूनच तयार होतात आणि आपला माल तिथेच विकतात. उणीव आहे ती कच्च्या मालाची. अ‍ॅपलाचियातली घरे, कुंपणे आणि छपरे चेस्टनटच्या न कुजणाऱ्या लाकडाची होती. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या परदेशी बुरशीने पुढच्या काही दशकांत सुमारे तीन ते चार अब्ज चेस्टनट झाडे मारली, आणि आता ते लाकूड जुनी कोठारे उतरवूनच मिळते. २००२ मध्ये मिशिगनमध्ये आशियातून आलेला हिरवा भुंगा सापडला. त्याने अ‍ॅश वृक्षांची जंगले सुकवत आणली आहेत. काळ्या अ‍ॅशचा ओंडका कुटून त्याची वार्षिक वलये पट्ट्यांसारखी सुटी करायची आणि त्यांच्या टोपल्या विणायच्या, ही ईशान्येकडच्या आणि सरोवरांकाठच्या आदिवासींची खास कारागिरी. भुंग्याचा जोर ओसरल्यावर पुन्हा लावता यावे म्हणून या जमाती काळ्या अ‍ॅशचे बी गोळा करून साठवत आहेत.